लाल ठिपका आणि चार बॅगा सोयाबीन

सुरुवातीलाच एक कबुली. मी कॉन्व्हेंटची. शाळेत मराठी म्हणजे आठवड्यातले मोजके तास, आणि त्यातही अर्धा वेळ व्याकरणाला घाबरण्यात जायचा. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. मराठी विभागाच्या संपादिकेने मेसच्या रांगेत मला गाठून "लेख देतेस ना?" असं तीनदा विचारलं, आणि हातात ताट असताना माणूस नाही म्हणू शकत नाही. कविता मला जमत नाही. म्हणून टी.ई.च्या सेमिनारचा विषयच मराठीत उतरवते आहे : उपग्रहावरून ढगांची मोजमापं कशी घेतात?

विषय कोरडा वाटेल. पण या विषयातल्या माझ्या अज्ञानापायी मामाचं चार बॅगा सोयाबीन मातीत गेलं आहे. त्यामुळे मला तरी तो कोरडा वाटत नाही.

झालं असं...

जून २०२३. सीईटीचा निकाल लागला होता, कॅप राउंडची वाट बघत मी मामाकडे गेले होते. मामाचं गाव जालना जिल्ह्यात, कोरडवाहू चार एकर. त्या वर्षी पाऊस लांबला होता. महिनाअखेरीला एक बरी सर पडून गेली आणि जमीन चार बोटं ओली झाली. गावात सगळ्यांची चुळबुळ सुरू झाली, पेरायचं का थांबायचं?

रात्री जेवताना मी मोबाइलवर उपग्रहाचं चित्र उघडलं. आमच्या जिल्ह्याच्या बरोबर वर लालभडक ठिपका! खालच्या पट्टीवर लिहिलेलं होतं, लाल म्हणजे सगळ्यात थंड ढग. मला तेवढंच पुरे झालं. म्हटलं, "मामा, मोठे ढग आलेत. उद्या-परवा धो धो."

मामा म्हणाले, "नक्की का गं?"

"मामा, सॅटेलाइट आहे ते! ते कशाला खोटं बोलेल?"

सकाळी मामांनी तिफण जुंपली. दहाच्या सुमाराला मी धुऱ्यावर उभी होते. आभाळभर पांढुरकी चादर, पण उन्हात माझी सावली पडत होती. मामांनी वर बघितलं आणि म्हणाले, "सूर्याला खळं पडलंय बघ." मी बघितलं, "वॉव" म्हटलं आणि फोटो काढला. त्या खळ्यातच माझं उत्तर होतं. ते कळायला मला पुढे दोन वर्षं लागली.

पुढचे पंधरा दिवस थेंब नाही. बी फुगलं आणि जमिनीतच वाळून गेलं. दुबार पेरणीचं बियाणं मामांनी उधारीवर आणलं. मला एका शब्दाने बोलले नाहीत. रिकाम्या बॅगा तेवढ्या घडी करून माळ्यावर ठेवल्या.

तर मंडळी, गेल्या सत्रात सेमिनारचा विषय निवडायची वेळ आली तेव्हा मी हा निवडला. उपग्रह खरंच खोटं बोलला होता का, हे मला बघायचं होतं.

उपग्रहाला नक्की काय दिसतं?

ढगांचा फोटो पाठवणारा पहिला यशस्वी हवामान उपग्रह टायरॉस-१. तो १ एप्रिल १९६० ला सुटला आणि ७८ दिवस चालला. आपल्याकडे आज इन्सॅट-३डीआर (२०१६) आणि इन्सॅट-३डीएस (२०२४) आहेत. हे भूस्थिर, म्हणजे विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर पृथ्वीच्याच वेगाने फिरणारे. त्यामुळे ते आपल्या डोक्यावरून हलत नाहीत आणि दर अर्ध्या तासाला नवीन चित्र देऊ शकतात.

यातल्या कॅमेऱ्याला, म्हणजे इमेजरला, सहा चॅनल असतात. एक दृश्य प्रकाशाचा (०.५५ ते ०.७५ मायक्रॉन), एक १.६ मायक्रॉनच्या आसपास, एक ३.९ च्या आसपास, एक बाष्पाचा (६.५ ते ७.१), आणि दोन उष्णतेचे : साधारण ११ आणि १२ मायक्रॉन.

आता पहिली महत्त्वाची गोष्ट. यातला एकही चॅनल ढग मोजत नाही! सगळे फक्त येणारी किरणं मोजतात. ढगाची उंची, जाडी, थेंबांचा आकार हे सगळं आपण त्यावरून गणिताने काढतो. परीक्षेत उत्तरावरून प्रश्न ओळखायला सांगितला तर कसं होईल, तसंच हे. एका उत्तराला दोन-तीन प्रश्न बसू शकतात, आणि घोटाळा तिथेच होतो.

दुसरी गोष्ट चौकोनाची. उष्णतेच्या चॅनलचा एक पिक्सेल ४ किलोमीटर बाय ४ किलोमीटर. म्हणजे १६ चौरस किलोमीटर, जवळजवळ ४,००० एकर. मामाचे चार एकर म्हणजे एका पिक्सेलचा हजारावा भाग. आणि मी त्या चित्रावरून मामाच्या शेतात पाऊस पाडायला निघाले होते!

पायरी पहिली : ढग आहे का?

हे सोपं वाटतं. ढग वरून पांढरा दिसतो आणि जमिनीपेक्षा थंड असतो. पण हिमालयातला बर्फही पांढरा आणि थंड असतो. मग १.६ मायक्रॉनचा चॅनल बघतात. या तरंगलांबीला बर्फ किरणं शोषून घेतो म्हणून काळपट दिसतो, पाण्याच्या थेंबांचा ढग मात्र चमकतो. सुटला प्रश्न.

रात्री दृश्य प्रकाशच नसतो. हिवाळ्यात उत्तर भारतावर जे धुकं पसरतं ते जमिनीला चिकटलेलं, तापमानही जमिनीच्या जवळपास. नुसत्या ११ मायक्रॉनवर ते जमिनीपासून वेगळं ओळखणं अवघड. पण बारीक थेंब ३.९ मायक्रॉनला ११ च्या मानाने कमी किरणं सोडतात. म्हणून दोन्ही चॅनलची वजाबाकी केली की रात्रीचं धुकं उठून दिसतं. एका चॅनलवर कधीच विश्वास ठेवायचा नाही, हा या विषयाचा पहिला नियम.

पायरी दुसरी : माथा किती उंच?

तापलेली प्रत्येक वस्तू किरणं सोडते, आणि किती सोडते ते तिच्या तापमानावर ठरतं. हा प्लांकचा नियम, एफ.ई.ला फिजिक्सच्या पेपरात आपण सगळ्यांनी लिहिला (आणि विसरलो). ११ मायक्रॉनला हवा बरीचशी पारदर्शक असते. त्यामुळे तिथे येणारी किरणं जाड ढगाच्या माथ्यावरूनच येतात. नियम उलटा लावला की माथ्याचं तापमान मिळतं.

वातावरणात वर जाताना सरासरी दर किलोमीटरला साधारण ६.५ अंश थंडावतं. समजा जमिनीवर २७ अंश सेल्सिअस आहे आणि ढगाचा माथा उणे ५३ अंश. फरक ८० अंश. ८० भागिले ६.५ म्हणजे सुमारे १२.३ किलोमीटर. ढगाची उंची मिळाली! प्रत्यक्षात सरासरी न घेता त्या दिवसाची हवा उंचीप्रमाणे कशी थंडावत गेली ते घेतात, पण तत्त्व हेच.

इथे एक खड्डा आहे. ढग पातळ असेल तर खालच्या गरम जमिनीची किरणं त्यातून गळून वर येतात. मग तापमान मधलंच काहीतरी येतं आणि १२ किलोमीटरवरचा ढग सहा-सात किलोमीटरवर असल्यासारखा भासतो. हे पकडायला ११ आणि १२ मायक्रॉनचे दोन्ही चॅनल एकमेकांशी ताडून बघतात. बर्फाचे कण १२ मायक्रॉनची किरणं जास्त शोषतात, त्यामुळे पातळ बर्फाळ ढगात दोन्ही तापमानांत फरक पडतो. जाड ढगात तो फरक जवळजवळ नाहीसा होतो.

पायरी तिसरी : जाडी किती आणि थेंब केवढे?

हा मला सगळ्यात आवडलेला भाग. दिवसा दृश्य चॅनलमध्ये ढग जितका जाड तितका जास्त चमकतो. कारण पाणी दृश्य प्रकाश जवळजवळ शोषतच नाही, फक्त परत फेकतं. पण १.६ किंवा २.१ मायक्रॉनला पाणी थोडी किरणं शोषतं, आणि थेंब मोठा असेल तर जास्त शोषतं. म्हणजे मोठ्या थेंबांचा ढग या चॅनलमध्ये गडद दिसतो.

स्वयंपाकघरातलं उदाहरण देते. गुळाची ढेप गडद दिसते. तोच गूळ किसला की फिकट दिसतो. गूळ तोच, पण बारीक कणांमधून प्रकाश फार आत न जाता बाहेर पडतो. मोठ्या खड्यात तो लांबचा प्रवास करतो आणि वाटेत शोषला जातो.

तर एका चॅनलवरून जाडी आणि दुसऱ्यावरून थेंबाचा आकार. नाकाजिमा आणि किंग यांनी १९९० मध्ये ही दोन चॅनलची पद्धत नीट मांडली, आणि आजही टेरा, ॲक्वा या उपग्रहांवरच्या मोडिसच्या ढगांच्या नोंदी याच तत्त्वावर काढतात.

यातून ढगातलं पाणीही काढता येतं. सूत्र सोपं आहे : दोन तृतीयांश गुणिले पाण्याची घनता गुणिले प्रकाशीय जाडी गुणिले थेंबाची त्रिज्या. प्रकाशीय जाडी २० आणि त्रिज्या १० मायक्रॉन धरली तर उत्तर येतं एका चौरस मीटरवर सुमारे १३३ ग्रॅम. म्हणजे जेमतेम दोन कटिंग चहा! एवढा काळा-पांढरा ढग डोक्यावर, आणि सगळा पिळला तरी जमिनीवर ०.१३ मिलिमीटर पाणी. पाऊस पडायचा तर खालून बाष्पाचा पुरवठा चालूच राहावा लागतो आणि थेंब मोठे व्हावे लागतात. ढगातला थेंब २० मायक्रॉन व्यासाचा आणि पावसाचा २ मिलिमीटरचा धरला, तर एका पावसाच्या थेंबात ढगातले दहा लाख थेंब मावतात. अभ्यासकांना असं दिसलं आहे की माथ्याजवळ थेंबांची प्रभावी त्रिज्या साधारण १४ मायक्रॉनच्या पुढे गेली की पाऊस तयार होण्याची शक्यता बरीच वाढते.

मर्यादा? ही पद्धत फक्त उजेडात चालते. ती ढगाला सपाट गादीसारखा धरते. प्रत्यक्षात ढगाला बाजू असतात, एकाची सावली दुसऱ्यावर पडते, आणि मग आकडे बिघडतात.

ढगाला कापून बघितलं तर?

वरून फक्त कातडी दिसते. आतलं बघायला रडार लागतं. २८ एप्रिल २००६ ला दोन उपग्रह एकाच रॉकेटने गेले : क्लाउडसॅटवर ९४ गिगाहर्ट्झचं रडार, कॅलिप्सोवर लेसर, म्हणजे लायडार. लायडार पातळ बर्फाळ ढग अचूक पकडतं पण जाड ढगात शिरू शकत नाही. रडार जाड ढगात शिरतं पण अगदी बारीक कण त्याला दिसत नाहीत. दोघांनी मिळून पहिल्यांदाच ढगांचे उभे छेद वर्षानुवर्षं दिले. दोघांचंही काम २०२३ मध्ये संपलं. मे २०२४ मध्ये युरोप आणि जपानचा अर्थकेअर सुटला. त्याच्यावर रडार आणि लायडार दोन्ही एकत्र आहेत, आणि रडार डॉप्लर असल्यामुळे कण वर चाललेत का खाली तेही कळतं.

पण यांची अडचण ऐका. क्लाउडसॅट दीड किलोमीटरहून कमी रुंदीची एक रेघ बघायचा, आणि त्याच रेघेवर परत यायला त्याला १६ दिवस लागायचे. म्हणजे इन्सॅटला सगळं दिसतं पण वरवरचं, रडारला आतलं दिसतं पण दोऱ्याएवढं. म्हणून एकाच्या आकड्यांनी दुसऱ्याची पद्धत तपासत राहावं लागतं.

मग लाल ठिपका काय होता?

आता मुद्द्यावर येते. थंड माथ्यावरून पावसाचा अंदाज करायची एक जुनी, प्रसिद्ध पद्धत आहे, गोज प्रेसिपिटेशन इंडेक्स. आर्किन यांच्या कामातून ती आली. नियम एका ओळीचा : माथा २३५ केल्व्हिनपेक्षा (उणे ३८ अंश) थंड असेल तर ताशी ३ मिलिमीटर पाऊस धरा, नाहीतर शून्य. मी जेवताना जे केलं ते नेमकं हेच होतं, फक्त मला त्याचं नाव माहीत नव्हतं.

हा नियम दोन ठिकाणी लावून बघू.

पहिलं ठिकाण, मामाचं शेत. गडगडाटी ढग, म्हणजे क्युम्युलोनिंबस, वर चढत चढत जातो आणि वातावरणाच्या छतापाशी अडकून आडवा पसरतो. लोहाराच्या ऐरणीसारखा. पावसाळ्यात आपल्याकडे त्या उंचीवर जोराचे वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात. त्यामुळे पूर्वेला कुठेतरी पाऊस पाडणाऱ्या ढगाची ऐरण पश्चिमेला शेकडो किलोमीटर ओढली जाते. ती बर्फाची असते, थंडगार असते, चित्रात लाल दिसते. आणि तिच्याखाली पाऊस नसतो! नियम म्हणतो ताशी ३ मिलिमीटर, खरा पाऊस शून्य.

पुरावा? ते खळं. सूर्याभोवतीचं खळं षटकोनी बर्फाच्या स्फटिकांतून प्रकाश २२ अंशांनी वाकल्यामुळे दिसतं. पाण्याच्या थेंबांनी ते होत नाही. म्हणजे डोक्यावर बर्फाचा, आणि सूर्य दिसेल इतका पातळ ढग. माझी सावली पडत होती, हा दुसरा पुरावा. मामांनी बोट दाखवून सांगितलं होतं आणि मी फोटो काढत बसले.

दुसरं ठिकाण, आपला सह्याद्री. जुलैमध्ये महाबळेश्वरच्या बाजूला समुद्रावरून आलेली ओली हवा डोंगराला धडकून वर चढते. बरेचसे ढग बुटके, माथा तीन-चार किलोमीटरवर, तापमान साधारण ५ अंश, म्हणजे २७८ केल्व्हिन. चित्रात लाल तर सोडाच, फिकट राखाडी. नियम म्हणतो शून्य. आणि खाली दिवसभर कोसळत असतो! या ढगांत बर्फ बनायची गरजच पडत नाही, थेंब थेंबांना धडकून मोठे होतात. अशा ढगांच्या अभ्यासासाठी पुण्याच्या आयआयटीएमने महाबळेश्वरला खास प्रयोगशाळाच थाटली आहे.

तर एकच नियम, एकीकडे नसलेला पाऊस दाखवतो, दुसरीकडे असलेला लपवतो. नियम वाईट आहे का? नाही. तो शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यासाठी आणि महिन्याच्या सरासरीसाठी केला होता, आणि तिथे तो उष्ण कटिबंधात बऱ्यापैकी चालतो. चार एकरासाठी आणि एका रात्रीसाठी तो नव्हताच.

सेमिनारच्या आधी आमच्या गाइड सरांना मी ही सगळी गोष्ट सांगितली. सर म्हणाले, "उपग्रहाने तुला माथ्याचं तापमान सांगितलं. ते बरोबरच होतं. पाऊस पडेल असं तो कुठे म्हणाला?" मी गप्प. व्हायवाला गप्प बसते त्यापेक्षा जास्त गप्प.

करून बघा

१. सूर्याला किंवा चंद्राला खळं दिसलं तर हात लांब करून वीत पूर्ण ताणा. अंगठ्याने सूर्य झाका (थेट सूर्याकडे बघू नका!). करंगळी साधारण खळ्यावर येईल. तेच २२ अंश.

२. ढगांचं एकच चित्र बघू नका, गेल्या चार-सहा तासांची चित्रं ओळीने बघा. लाल भाग एका जागी उभा राहून वाढतोय, का नुसता वाहत येऊन विरळ होतोय? शेजारी दृश्य चॅनल उघडा. लाल आहे पण दृश्यात त्यातून जमीन दिसते, तर ती नुसती चादर आहे.

३. सरळ भिंतीचा एक डबा उघड्यावर ठेवा, वर झाड किंवा पत्रा नको. रोज सकाळी साडेआठला आत पट्टी बुडवा. जितके मिलिमीटर पाणी तितके मिलिमीटर पाऊस, डबा लहान असो की मोठा. उपग्रहाचे पावसाचे आकडेही शेवटी जमिनीवरच्या पर्जन्यमापकाशीच ताडून बघावे लागतात.

तिसरा प्रयोग मी सुट्टीत मामाकडे जाऊन केला. गोडेतेलाचा रिकामा डबा वरून कापला, पट्टी चिकटवली आणि गोठ्यापासून लांब एका खांबाला बांधला. कृषी विभाग सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. मामांना ते आधीपासून माहीत होतं. त्या रात्री भाचीच्या शब्दाखातर ते विसरले, एवढंच.

गेल्या पावसाळ्यात मामांचा हॉस्टेलवर फोन आला. "काय म्हणतंय गं तुझं सॅटेलाइट?"

मी मोबाइल उघडला नाही. विचारलं, "मामा, डब्यात किती झालं?"

"कालपर्यंत एकसष्ट."

"मग थांबा."

"थांबलोच आहे," मामा म्हणाले, "तुला इचारून बघितलं."